कंबरेची खुर्ची

पॅकिंग विभागातल्या फळ्यावर पाळीपुढे कारणही लिहायची पद्धत होती. गुडघा, डोळे, बाळंतपण. कुणाला सवलत मिळाली की बाकीच्यांनी उगाच कुरकुर करू नये, असं सुपरवायझरसाहेबांचं म्हणणं. तिच्या नावापुढे होतं: कंबर.

कंबर तिची ठणठणीत होती. झोप मोडली की बिघडायचं ते मन. गेल्या वर्षी रात्रपाळीनं झोप पार उडाली आणि महिनाभर दवाखान्यात काढावा लागला. कामावर सांगितलं, कावीळ. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ लिहून दिलं होतं: मानसिक आजारावर उपचार चालू, रात्रपाळी देऊ नये. पण हे फळ्यावर चढणार या धसक्यानं कागद पर्समध्येच राहिला, आणि साहेबांपुढे ती बोलून गेली, "रात्री उभं राहिलं की कंबर धरते हो." कंबरेला कागद कोण मागतो?

साहेब भला माणूस. लगेच दिवसपाळी दिली, वर खुर्चीही. विभागात खुर्ची एकच, शेजारच्या मावशींची. त्यांची कंबर खरोखरच कामातून गेलेली. "बस गं, तुझं वय आहे बरं व्हायचं," म्हणत त्यांनीच ती सरकवली. ती बसली खरी, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी फळ्यावर नवं काम लागलं: रात्रपाळी, बसून मोजणी.

"तुझ्यासाठी मुद्दाम काढलंय," साहेब खुशीत म्हणाले. तिनं पर्समधला कागद चाचपला.

घरी थोरली बहीण भडकली. "खरं सांगून मोकळी हो. मी किती वेळा कावीळ सांगू?"

सकाळी तिनं कागद पुढे केला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि आवाज खाली आणला. "दिवसपाळी देतो. फळ्यावर कंबरच राहू दे. कशाला बोभाटा?"

तिला हायसं वाटलं. मग टेबलाला रेलून उभ्या असलेल्या मावशी दिसल्या.

"आणि खुर्ची?"

"कंबर तुझी, तर खुर्चीही तुझीच."

तिनं फळ्यावरचं ‘कंबर’ पुसलं आणि स्वतःच लिहिलं: मानसिक आजार. कुणाकडेही न बघता तिनं खुर्ची ओढत मावशींपाशी नेली.

मावशी बसल्या नाहीत. आधी त्यांनी फळा वाचला. मग तिचा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या,

"माझ्या लेकाला दोन वर्षं कावीळच आहे गं."