कोपऱ्यातल्या खोलीचा दिवा

संघराज्याच्या सभागृहात मागच्या भिंतीला काचेच्या खोल्या होत्या, प्रत्येक भाषेला एक. दुभाषी बोलत असेपर्यंत खोलीवरचा लाल दिवा जळायचा. सगळे दिवे विझल्याशिवाय सभापती मतदान पुकारत नसत. नियमात हे कुठे नव्हतं, पण रीत होती.

कोपऱ्यातल्या खोलीचा दिवा नेहमी सगळ्यांत शेवटी विझायचा. सभासद मागे वळून हसायचे. आतल्या दुभाषी बाईंना त्याची सवय झाली होती. त्यांच्या डोंगराळ प्रांताचा सभागृहात एकच सभासद होता, आणि तो त्यांचा सख्खा मामा होता.

आजचा ठराव मोठा होता. तो मंजूर झाला, की एका प्रांताच्या नकाराने यापुढे कायदा अडणार नव्हता. बाकीच्या प्रांतांनी आधीच मान तुकवली होती. मामांचा नकार आला तर मात्र आजचा ठराव अजूनही पडला असता.

गेल्या अधिवेशनात एक दुरुस्ती झाली होती. मतदान पुकारल्यावर ठरलेल्या काही सेकंदांत जो बटण दाबणार नाही, त्याची संमती धरायची. मामांनी ती हसण्यावारी नेली होती. मी कधी बटण चुकवलंय का, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी उपाहारगृहात भाचीने त्यांना सांगितलं, की हे दिवे नेमके कशासाठी आहेत, असं नवे सभापती तंत्रज्ञांना विचारत होते.

"मामा, आज दिव्याची वाट बघू नका. मतदान पुकारलं की दाबून मोकळे व्हा."

"पूर्ण न ऐकता?" मामा चहा ढवळत म्हणाले. "न ऐकता मत मी एकदाच दिलं, तुझ्या मामीला होकार देताना."

दुपारी ठरावाचं शेवटचं कलम वाचून झालं. एकेक दिवा विझत गेला. कोपऱ्यातला जळत होता, बाईंचं अर्धं वाक्य बाकी होतं. सभापतींनी मागे पाहिलंच नाही. त्यांनी मतदान पुकारलं.

मामा सवयीने मागे वळले. बोट बटणाशी, नजर दिव्यावर.

दाबा, एवढंच सांगायचं होतं. पण दुसऱ्याच्या वाक्यात स्वतःचा शब्द घालायचा नाही, हे शिकूनच बाई त्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी वाक्याचा वेग वाढवला, कलम पुरं केलं आणि दिवा विझवला.

मामांनी समाधानाने मान हलवली, पुढे वळले आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. समोरच्या फलकावर त्यांच्या प्रांतापुढे 'संमती' उमटलेलं होतं.

सभापती बोलू लागले. कोपऱ्यातला दिवा पुन्हा लागला. मामांच्या कानात भाचीचा आवाज आला, नेहमीसारखाच सपाट:

"एकमताने ठराव मंजूर केल्याबद्दल मी सर्व प्रांतांचा आभारी आहे."

तिचं वाक्य संपेपर्यंत पुढचा ठराव वाचायला सुरुवात झाली होती. मागे वळून कुणी हसलं नाही.