चौथी चिठ्ठी

कोणी हळहळायला लागू नये म्हणून आधीच सांगून टाकतो, मी पास झालो. पाचव्या खेपेला, नोकरी सांभाळून, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. मोठ्या साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, आजपासून तुमच्या सहीला किंमत आली. खरंच आली. मी सही केली की लोक त्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

आमचं काम हिशेबतपासणीचं, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं खरं आहे का ते बघणं. वहीतली नोंद वाचायची, फाइल उघडून तिची मूळ पावती काढायची, दोन्ही जुळलं की नोंदीशेजारी टिक करायची. माझी पेन्सिल हिरवी. टिक म्हणजे एवढंच सांगायचं असतं की हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप म्हणजे पावती न बघता केलेली टिक. आम्ही तिला आंधळी टिक म्हणतो. फाइलींचा ढीग असतो, डोकं आंबलेलं असतं, हात आपोआप चालतो. ज्युनियर लोकांच्या आंधळ्या खुणा पकडण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. एकाखाली एक चाळीस खुणा एकाच झोकातल्या दिसल्या की मी ओळखायचो, या पठ्ठ्यानं फाइल उघडलेलीच नाही. मग सगळ्यांदेखत खरडपट्टी. मागून मला टिकोजीराव म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

आता परीक्षेचं. चार पेपर एकदम सुटावे लागतात. तीन सुटले आणि एक गेला तर चारही पुन्हा. मी चार वेळा आपटलो होतो, त्यातल्या एकदा तीन मार्कांनी. त्या तीन मार्कांचं दुःख मी वर्षभर येईल त्याला ऐकवलं, इतकं की लोक मला बघून रस्ता बदलायला लागले. पाचव्या खेपेनंतर अभ्यासक्रम बदलणार होता. म्हणजे या वेळी गेलो असतो तर सगळं पहिल्यापासून, आणि तेवढा दम माझ्यात उरला नव्हता. पहाटे चारला उठायचं, सातपर्यंत वाचायचं, नऊ ते सहा ऑफिस, बसमध्ये उभ्यानं नोट्स, घरी आल्यावर जेवणाच्या आधी परत दोन तास. असं एक-दोन आठवडे कोणीही करेल. मी अडीच वर्षं केलं आणि त्या अडीच वर्षांत माणसांशी बोलायचं विसरलो.

घरात आम्ही दोघंच. बायको छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातले काना-मात्रा शोधते, त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नाही. लग्नाला आठ वर्षं झालेली. मूल व्हावं म्हणून पहिली पाच वर्षं आम्ही दवाखान्यांचे उंबरे झिजवले, नंतर एक दिवस ती म्हणाली की आता पुरे, आणि आम्ही तो विषय मिटवून टाकला. मी मिटवला, असं म्हणायला हवं. तिचं मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही.

चिठ्ठ्यांची कल्पना माझी. घरातलं काय हवं-नको ते सांगण्यात वेळ जातो, लय तुटते, असं मी तिला समजावलं. तिनं लिहून फ्रिजवर लावायचं, मी सकाळी चहा घेताना वाचायचं. मान्य असेल तर टिक, नसेल तर शेजारी दोन शब्द. तिला आधी हसूच आलं. म्हणाली, घराचंही ऑडिट करणार का तू? पण लिहायला लागली, आणि काय लिहायची. ‘नळवाला येऊन गेला. तो म्हणतो वॉशर खराब, मला वाटतं तोच खराब.’ ‘शेजारच्या काकूंनी इस्त्री नेली आहे. आपण तिला विसरलेलं बरं.’ सुरुवातीला मीही खाली काहीबाही लिहायचो, ती ते वाचून स्वयंपाकघरात एकटीच हसायची. पुढे मी फक्त टिक करायला लागलो.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मंगळवारी संध्याकाळी मी सामानाच्या खोलीत वाचत बसलो होतो आणि ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, जरा बोलायचं होतं. मी मान वर केली नाही. तळहात दाखवला आणि म्हणालो, चिठ्ठी लिही ना, सकाळी बघतो. ती गेली.

बुधवारी सकाळी फ्रिजवर सहा चिठ्ठ्या होत्या. त्यांतली चौथी काय होती ते मला तीन महिन्यांनी कळलं. तुम्हाला मी आत्ताच सांगतो, ही काही लपवून मजा घ्यायची गोष्ट नाही. तिला दिवस गेले होते. आठवा आठवडा. माझं लक्ष विचलित होऊ नये आणि शेवटचा पेपर देऊन आलो की सांगावं, म्हणून तिनं ते पोटात ठेवलं होतं. आणि चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘डॉक्टर म्हणाल्या, बाळाचं हृदय थांबलंय. तुला पेपर झाल्यावर बाळाचं सांगणार होते, आता हे सांगावं लागतंय. गुरुवारी अकरा वाजता दवाखान्यात जायचं आहे. जमलं तर ये. नाही जमलं तरी मी समजून घेईन, ताई येते आहे.’

मी चहा गाळत होतो. डोक्यात कायद्याचं एक कलम घोळत होतं. डाव्या हातात गाळणी, उजव्या हातात पेन्सिल. वरपासून खालपर्यंत सहा टिक केल्या, एकाच झोकात.

गुरुवारी मी ऑफिसात होतो. अकरा वाजता कुणाची तरी खरडपट्टी काढत असेन, तेवढं आता आठवत नाही. घरी आलो तर तिची थोरली बहीण आलेली. बायको पडून होती, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. दर महिन्याचा त्रास असेल, एवढं माझ्या डोक्यात आलं आणि गेलं. मला खरं तर बरं वाटलं, ताई आहेत म्हणजे दोन दिवस घराकडे बघावं लागणार नाही. मी ताईंना म्हणालो, बरं झालं आलात, हिला सोबत हवीच होती. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मी मनात म्हटलं, असतो एकेकीचा स्वभाव. मग बायकोच्या उशाशी बसलो, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणालो, "अठरा दिवस कळ काढ. मग सगळं तुझ्या मनासारखं करू." मी परीक्षेचं बोलत होतो. तिनं माझा हात गालाखाली धरून ठेवला आणि डोळे मिटले. मी घड्याळ बघत होतो.

आणखी एक सांगायला हवं. पहाटे मी न्हाणीघरात जाऊन पाठांतर करायचो. मोठ्यानं म्हटल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही, आणि तिची झोप मोडू नये म्हणून नळ सोडून ठेवायचो. एवढाच काय तो मी तिचा विचार केला, आणि तोही असा अंगाशी आला.

पेपर झाले. मी दोन दिवस मेल्यागत झोपलो आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात हजर झालो. ती मधूनमधून माझ्याकडे बघायची. एकदा तिनं विचारलं, तुला काही बोलायचंय का? मी म्हटलं, निकाल लागू दे गं, मग बोलू. ती बरं म्हणाली. त्या दिवसांत ती माझ्याशी फार मायेनं वागत होती. माझा डबा भरून द्यायची, शर्टाचं तुटलेलं बटण मी न सांगता लावायची, मी चिडचिड केली तरी उलट बोलायची नाही. मला वाटलं, निकालाचं टेन्शन तिलाही आलंय.

निकाल एका रविवारी दुपारी लागला. मोबाइलवर नंबर टाकला, आकडे आले, मी तीनदा बघितले. चारही सुटले होते. मी किंचाळलोच. ती आतून धावत आली, मोबाइलकडे बघितलं आणि मला घट्ट मिठी मारली. मी हसत होतो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. आणि कानाशी हळूच म्हणाली, "झालं. संपलं सगळं. आता मोकळेपणानं रड."

मी म्हटलं, रडू कशाला, वेडी आहेस का. ती म्हणाली, माझ्यापासून आता लपवू नकोस, मला सगळं कळत होतं. तिनं कपाट उघडलं, साड्यांखालून एक पाकीट काढलं. आत सोनोग्राफीचा धुरकट फोटो होता आणि ती चिठ्ठी. चिठ्ठीच्या कोपऱ्यात माझी हिरवी टिक. म्हणाली, ताई म्हणत होती चिठ्ठी फेकून दे, पण मी म्हटलं, तू हे वाचलंस, याची तेवढीच एक खूण आहे माझ्याकडे.

मी वाचली. पहिल्यांदा वाचली. मी खाली बसलो आणि रडलो, असा की मला माझाच आवाज ओळखू येईना. ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणत राहिली, किती दिवस आत कोंडून ठेवलंस रे, किती दिवस. माझं रडणं खरं होतं हो. पण ते तीन महिन्यांचं नव्हतं, पाच मिनिटांचं होतं. आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पुढचे चार दिवस मी चोरासारखे काढले. ती हलकी झाली होती. बऱ्याच दिवसांनी ती घरात गुणगुणत होती. मनात यायचं, राहू दे की असंच, कोणाचं काय बिघडतंय? पावती आहे, टिक आहे, जुळतंय सगळं. कदाचित मी तसंच राहू दिलं असतं. एवढा मी हलकट आहे.

पण गुरुवारी मला ताईंचा फोन आला. ऑफिसात, भर दुपारी. म्हणाल्या की त्या माझी माफी मागायला बोलत आहेत. इतके दिवस त्या मला दगड समजत होत्या. बहिणीला सारख्या म्हणायच्या, बाळ गेलं तरी नवरा पुस्तकातून डोकं काढत नाही, कसली माया त्याला. आणि ही दर वेळी माझी बाजू घेऊन भांडायची, की नाही ताई, तो पहाटे उठून एकटा रडतो, मी रोज ऐकते. "भाऊजी, तुम्ही रविवारी किती रडलात ते सांगितलं तिनं. तिचंच खरं निघालं," ताई म्हणाल्या. "माझं चुकलं."

मी फोन ठेवला, साहेबांना सांगितलं की बरं वाटत नाही, आणि घरी गेलो. तिला सुट्टी होती. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी समोर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मी ती चिठ्ठी वाचली नव्हती. सहाही न वाचता टिक केल्या होत्या. मला रविवारपर्यंत काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातला टॉवेल मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, एखादी ओळ परत वाचून बघावी तसं. मग विचारलं, "मग रोज पहाटे नळ सोडून आत काय करायचास?"

"पाठांतर," मी म्हणालो. "तुझी झोप मोडू नये म्हणून नळ."

"मी झोपलेली नसायचे. दाराबाहेर बसायचे, खाली, भिंतीला टेकून. तू आत रडतोयस म्हणून मी बाहेर रडून घ्यायचे. वाटायचं, आहोत दोघं." तिनं मांडीवरचा टॉवेल उचलून त्याची घडी घातली. "म्हणजे मी एकटीच होते."

मी तिच्या पायाशी बसलो. म्हणालो, माझ्या तोंडावर थुंक, घरातून हाकलून दे, पण मला आता सांग. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाल्या, तुला कसं वाटलं, पहिल्यापासून सगळं सांग. मी ऐकतो. आता मला कुठेही जायचं नाही.

तिनं खरंच विचार केला, ते मला दिसलं. ओठ हललेही. मग तिनं मान हलवली.

"नाही रे होणार," ती म्हणाली. "ते मला एकदाच सांगता येत होतं. तेवढ्या चार ओळी लिहायला त्या रात्री मी सात कागद फाडले होते."