मुसळाचा पायगुण

मुलांनो, तुमच्या हातात मूठभर तांदूळ आहेत असं समजा. त्यातली एक चिमूट सुपात टाका आणि दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावा. शेवटी एक दाणा एकटा उरला, तर तो ‘उणा’. चांदा जिल्ह्यात, मूल गावाजवळच्या एका खेड्यात लटारू असाच कौल घ्यायचा. एका नावावर लागोपाठ तीन उणे आले, की देवानं ‘हो’ म्हटलं.

त्या वर्षी लटारूची बैलबंडी नाल्यात उलटली आणि पाठोपाठ म्हैस आटली. कुणाचा तरी पायगुण वाईट, असं त्याच्या मनानं घेतलं. गोठ्यात आठ जनावरं होती. एकेकाचं नाव घेऊन त्यानं दाणे टाकले. बाकीची सुटली, पण चांदी नावाच्या कालवडीवर तीन उणे आले.

“बाजारात इकून टाकतो,” म्हणत लटारूनं तिला बंडीमागे बांधलं.

चांदीची आई मेली तेव्हा लटारूच्या मुलीनं, भागीरथानं, दुधात बोटं बुडवून तिला जगवलं होतं. ती रडतच आजोबांकडे, देवाजींकडे गेली.

“रडू नको बाई. सूप आण. आता आपण घरातल्या सामानाले इचारू.”

जातं झालं, पाटा झाला, खाट झाली, टोपली झाली. मुसळाचं नाव घेतलं आणि उण्यावर उणा, तीन उणे!

“लटारू, मुसळाचा पायगुण खराब आहे रे. नेतं का बाजारात?”

“मुसळाले कुठी पाय रायते, बा!”

“मंग उणे काऊन आले?”

लटारूला हसू आवरेना. देवाजी म्हणाले, “तुले आधीपासून चांदीचाच संशय असता अन् तिलेच इचारलं असतं, तं मीबी इचार केला असता. तू अख्खा गोठा इचारला. इतक्या दारांवर हाक मारली, तं कोणीतरी ‘ओ’ देतेच. नावं जास्त, तं कौलबी कडक पाह्यजे, तीन उण्यानं भागत नाई. आता एकट्या चांदीचं नाव घे. मागचे उणे धरू नको.”

“अन् पुन्हा उणेच आले तं?” भागीरथानं विचारलं.

“तं मी आडवा येणार नाई, पोरी.”

लटारूनं नवी चिमूट टाकली. दाणे जोडीनं सरकू लागले. शेवटची जोडी लागली, एकही दाणा उरला नाही.

“सुटली,” लटारू म्हणाला.

पण ऐकायला भागीरथा तिथं होतीच कुठं? ती बंडीमागे पोचली होती. दाव्याची गाठ घट्ट बसली होती. तिनं ती दातांनी सोडवली.