उपटसुंभ

मी टोमॅटो बोलतोय, गाजराच्या वाफ्यातला. हसू नका, मी वाट चुकलेलो नाही.

या बागेचा मालक निवृत्त मोजणीदार. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता वाफे मोजतो. दोरी ताणून रांगा आखतो आणि प्रत्येक रांगेशी नावाची पाटी रोवतो. माझी पाटी कुठेच नव्हती, कारण मला कुणी पेरलंच नव्हतं. गेल्या हंगामात त्याने एक सडका टोमॅटो खतखड्ड्यात भिरकावला आणि तेच खत आपल्या हाताने इथे पसरलं. मग मला आणलं कुणी? त्यानेच की!

मी वीतभर झालो तेव्हा त्याची नजर पडली. "उपटसुंभ कुठला!" म्हणत त्याने मला हिसका दिला. शेंडा त्याच्या हातात गेला, मूळ जमिनीतच राहिलं. तो शब्द मला फार लागला. मी कुणाला उपटलं होतं? उपटत तर तो होता! मीही हट्टाला पेटलो. उरलेल्या बुडख्यातून दोन फांद्या काढल्या.

आठवड्याने तो खुरपं घेऊनच आला. आता मुळासकट जाणार, हे मला कळलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण पान खाली घातलं नाही.

पायरीवर लसूण सोलत बसलेली त्याची बायको म्हणाली, "अहो, राहू द्या की. कुणाचं काय खातंय ते?"

"हद्द म्हणजे हद्द! गाजराच्या जागेत याचं काय काम?"

"हो का? मग आपली मागची भिंत शेजाऱ्यांच्या जागेत वीतभर शिरलीय, ती कधी पाडताय? मोजणी तुमचीच होती."

खुरपं हवेतच थांबलं. "अगं, हळू बोल! ऐकतील ते."

"त्यांना बावीस वर्षांपासून माहीत आहे. त्यांनी कधी खुरपं काढलं नाही."

भिंतीकडे एकदा बघून तो खुरपं घेऊन घरात गेला. दुसऱ्या दिवशी आधाराची काठी आणि नवी पाटी घेऊन आला. पाटीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'उपटसुंभ'.

आज मी फळांनी लगडलोय. दोघं रोज माझे टोमॅटो खातात. पण पाटी मिळाली म्हणून मी रांगेत आलो, असं समजू नका. कालच माझं एक पिकलेलं फळ फुटून शेजारच्या मिरचीच्या वाफ्यात पडलं. कुणी पाहिलं नाही आणि मी सांगणार नाही. मोजणीदारसाहेब, पुढच्या वर्षासाठी पाट्या जरा जास्तच करून ठेवा.