तिसरी सही

प्रशिक्षणाला आलेल्या नर्स वही काढत नाहीत, मोबाइल काढतात. पडद्यावर नवं चित्र आलं की चाळीस हात वर, आणि मग सगळं ज्ञान ग्रुपवर टाकून मोकळ्या. जी आली नाही तिलाही ते घरबसल्या मिळतं, आणि आलेली काय, न आलेली काय, पुन्हा कोणी उघडून बघत नाही. फिलोमिना सिस्टरला हे पक्कं ठाऊक होतं, कारण वीस वर्षं तीही हेच करत आली होती. तरीही त्या सकाळी वसईतल्या त्या हॉलमध्ये मोबाइल खाली ठेवा म्हणायचं तिला सुचलं नाही.

सुचणार कसं? आज ती हवेत होती. मारहाण झालेली, भाजलेली, अत्याचार झालेली बाई दवाखान्यात आली की उपचार करता करताच पुरावाही सांभाळायचा, ही फॉरेन्सिक नर्सची विद्या. फिलोमिना ती पंचेचाळिसाव्या वर्षी, मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बाकावर बसून, चष्मा पुसत पुसत शिकली होती. आजचा वर्ग नीट झाला की तिला जिल्ह्याची प्रशिक्षक नेमणार होते. मागच्या रांगेत जिल्ह्याच्या अधिकारी बाई फॉर्म घेऊन बसल्या होत्या. शेजारी तिच्या दवाखान्याचे डॉ. क्लेमेंट. नाव त्यांनीच सुचवलं होतं, म्हणून लेकीच्या साखरपुड्याला बसावं तसे कडक इस्त्रीच्या शर्टात बसले होते.

"आता हे बघा," ती म्हणाली आणि पुढचं चित्र लावलं.

एका बाईचा गळा. हनुवटीच्या वर चित्र कापलेलं, खाली मोजपट्टी. कातडीवर बारीक ठिपक्यांची रांग, आणि मधोमध दोन गोल ठसे. एक पूर्ण गोल, दुसरा एका बाजूला सपाट. पुन्हा मोबाइल वर गेले.

"मागून काहीतरी पिळून गळा आवळलाय. वस्तू आपल्या हातात नाही, पण वस्तूचा ठसा आहे. म्हणून आधी फोटो, मग मलम. एक लक्षात ठेवा, ज्या बाईच्या गळ्याला घरातल्या माणसाचा हात एकदा गेला, तिला तो पुढच्या वेळी मारूनही टाकू शकतो. अशी बाई पाय घसरला म्हणाली तरी तिला घाईनं घरी पाठवू नका."

तिसऱ्या रांगेतल्या एकीचा मोबाइल तेवढा वर गेला नव्हता. सकाळी ओळख करून देताना ती म्हणाली होती, मी रीमा, माहेर गिरीज, सासर नालासोपारा, खाजगी दवाखान्यात आठ वर्षं. हसरी बाई होती. आता हसत नव्हती. तिचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला होता.

"मॅडम, तो दुसरा ठसा सपाट का आहे?"

"शाबास!" फिलोमिना खुलली. नेमका हाच प्रश्न तिला हवा होता. "कारण वस्तूच तशी होती. उद्या ती समोर आली की कोर्टात सांगता येतं, हीच ती."

"म्हणजे वाटी तिथं चेपलेली असणार," रीमा हळू म्हणाली.

वाटी हा शब्द फिलोमिनानं अजून उच्चारलाच नव्हता. मंगळसूत्र आहे हे ती शेवटी, सगळ्यांना ओळखायला लावून सांगणार होती. जानेवारीतली ती दुपार अख्खीच्या अख्खी तिच्यासमोर उभी राहिली.

मनवेलपाड्याहून एक बाई आली होती. संजना, सव्वीस वर्षांची. आवाज बसलेला, गळ्याला ओढणी. पोलिसांत आत्ता जायचं नाही, असं तिनं लिहून दिलं. तो तिचा हक्क होता. पण पुरावा जपून ठेवा म्हणाली, मुलगी शाळेला लागली, मला काम मिळालं की मी येईन. कागदावर सहीच्या तीन जागा होत्या. उपचाराला संमती, सही. पुराव्यासाठी फोटोला संमती, सही. शिकवण्यासाठी फोटो वापरायला संमती? संजनानं पेन खाली ठेवलं. "नको सिस्टर. माझी नणंद पण नर्स आहे, गिरीजची. भाऊ म्हणजे तिचा जीव. कोण कुठे काय बघेल, काय सांगता येतं?" आणि फिलोमिनानं तिचा हात धरून शब्द दिला होता, "तुझ्याशिवाय हे कपाटाबाहेर जाणार नाही."

काल संध्याकाळी कपाट उघडताना ती रिकामी तिसरी जागा तिला दिसली होती. दिसली नव्हती असं म्हणायची सोय नाही. चेहरा नाही, नाव नाही, कोण ओळखणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. इतका स्वच्छ ठसा तिनं काढलेल्या दुसऱ्या कुठल्याच फोटोत नव्हता, आणि आज अधिकारी बाई येणार होत्या. नणंदेचं तर ती साफ विसरून गेली होती.

तिनं चित्र बदललं. दहा मिनिटं ती काय बोलली, तिचं तिलाच कळलं नाही. चहा आला तशी रीमा मोबाइल कानाला लावून बाहेर गेली. फिलोमिनानं डॉ. क्लेमेंटना कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं.

"चेहरा नाही ना?" ते म्हणाले.

"तिसरी सही नाही, डॉक्टर."

"हळू बोल गो! त्या बाई अजून फॉर्म भरतायत. कोणी तक्रार केलीय का? मग स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? दुपारपर्यंत गप्प राहा, मग बघू."

गप्प राहणं सोपं होतं. पोस्ट मिळाली असती, गिरीजच्या चर्चबाहेर रविवारी चार बायकांनी अभिनंदन केलं असतं. पण मनवेलपाड्यात काय झालं असतं? फिलोमिना चहा तसाच ठेवून व्हरांड्यात गेली.

रीमा खांबाला टेकून उभी होती.

"कोणाला फोन लावलात?"

"दादाला. दोनदा. उचलत नाही, दुकानात गिऱ्हाईक असेल." तिनं मान वर केली. "ते मंगळसूत्र माझ्या आईचं. वहिनीला लग्नात घातलं. लहानपणी मी आईच्या मांडीवर बसून ती वाटी चावायची. दातानं चेपली. आई अजून सगळ्यांना सांगते, पोरीनं सोनं खाल्लं म्हनून. खरं सांगा मॅडम, ती संजनाच ना?"

हो म्हणावं तर दिलेला शब्द दुसऱ्यांदा मोडतो. नाही म्हणावं तर धडधडीत खोटं, आणि तेही नर्सला.

"मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. तो फोटो मी दाखवायलाच नको होता. चूक माझी आहे, त्या बाईची नाही. मघाशी मी काय शिकवलं ते तेवढं आठवा. ती कोणीही असो, तिच्या नवऱ्याला आधी कळलं, तर..."

तेवढ्यात रीमाच्या हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर 'दादा'. दोघी त्याकडे बघत राहिल्या. चार वेळा वाजला, पाच वेळा. रीमाचा अंगठा वर आला, थबकला. वाजून वाजून तो बंद पडला. मग ती पायऱ्या उतरली, स्कूटीला चावी लावली आणि निघून गेली. ती कोणाकडे गेली, भावाकडे की वहिनीकडे, हे विचारायचीही फिलोमिनाला सोय राहिली नाही.

संजनाला फोन कधी करायचा, हे ठरलेलं होतं. अकरा ते एक, नवरा, कल्पेश, दुकानात असताना; आणि करायचा तो शिवणवाली म्हणून. दीडला तो जेवायला घरी येई. फिलोमिनानं फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

हॉलमध्ये चहा संपून सगळ्या बसल्या होत्या. फिलोमिना पुढे जाऊन उभी राहिली, आणि डॉ. क्लेमेंट डोळ्यांनी नको नको म्हणत असताना बोलली.

"मघाचा गळ्याचा फोटो शिकवण्यासाठी वापरायला त्या बाईनं नकार दिला होता. मला माहीत होतं. तरी मी वापरला. सगळ्यांनी आत्ता, माझ्यासमोर, तो काढून टाका. ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही."

मग खुर्च्या करकरल्या, कुजबुज सुरू झाली. एकीनं कबूल केलं, ग्रुपवर गेलाय, सतरा जणींनी पाहिलाय. तिनं तो पुसला. फिलोमिना प्रत्येकीपुढे जाऊन, मोबाइल बघून, पुढे सरकत गेली. शेवटच्या रांगेशी पोचली तेव्हा अधिकारी बाईंनी पेनाला टोपण लावलं होतं. फॉर्म अर्धाच भरलेला होता.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच फिलोमिनाला जास्त त्रास झाला.

साडेबाराला संजनानं फोन उचलला.

"शिवणवाली बोलतेय. एकटी आहेस?"

"हो. नळाला होते. काय झालं?"

फिलोमिनानं आडपडदा न ठेवता सांगितलं. फोटो, हॉल, नणंद.

"तुम्ही शब्द दिला होता."

"हो."

"मी सासूला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं."

फिलोमिना घाईनं म्हणाली, "मुलीला घेऊन आत्ता दवाखान्यात ये. नाहीतर कुठेही जा, पण दीडच्या आत घर सोड. म्हणशील तर मी पोलिसांना..."

"थांबा," संजना कुजबुजली. "दार वाजतंय."

फोन बंद झाला.

त्यानंतरचे दोन तास फिलोमिनानं कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. ती दवाखान्यात परत आली, एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग केलं, पट्टी उलटी बांधली, सोडून पुन्हा बांधली. फोन लागत नव्हता. पोलिसांना कळवावं तर संजनाचा लेखी नकार तिच्याच कपाटात. न कळवावं तर? नियम तिला पाठ होते. त्यातला एकही तिला आज धीर देत नव्हता. गळ्यातला क्रूस मुठीत धरून ती म्हणत राहिली, तिला सांभाळ बाबा, माझी शिक्षा तिला नको. शेवटी तिनं ठरवलं, तीनपर्यंत वाट बघायची. मग नोकरी गेली तरी चालेल, पोलिसांना घेऊन आपणच त्या दाराशी जायचं.

पावणेतीनला फाटकाशी स्कूटी थांबली. पुढे रीमा; मघाशी दार वाजवलं ते हिनंच तर. मागे संजना, मध्ये झोपाळलेली पोर, पायाशी कपड्यांची पिशवी. ती दारापर्यंत धावत गेली.

संजनानं तिच्याकडे पाहिलं नाही. सरळ टेबलाशी गेली. तिथं हिना बसली होती, फिलोमिनानंच तयार केलेली, नोकरीला दोन वर्षं झालेली नर्स.

"मला तक्रार करायचीय," संजना म्हणाली. "माझे कागद पाहिजेत. पण ह्या बाईंच्या हातून नकोत."

हिना घाबरून उभी राहिली आणि फिलोमिनाकडे बघू लागली. फिलोमिनानं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. ह्याहून जास्त काही मागायचा हक्क तिला त्या खोलीत उरला नव्हता.

रीमानं पर्समधून रुमालाची घडी काढून उलगडली. काळे मणी, दोन वाट्या. एक गोल, एक चेपलेली.

"ही माझ्या भावाच्या घरातली," ती म्हणाली. "ती खूण माझ्या दाताची आहे. मी कोर्टात सांगेन. लिहून घ्या. उन्हाळाभर वहिनी बंद गळ्याचे ब्लाउज घालत होती, आणि मी तिला फॅशन करते म्हणून चिडवत होते. आठ वर्षं नर्स आहे मी!"

तिला हुंदका आला. संजनानं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळा हात नणंदेच्या पाठीवर ठेवला.

हिना घाईघाईत टेबलावरच्या प्लास्टिकच्या पिशवीकडे वळली. प्लास्टिकमध्ये पुरावा दमट होऊन खराब होतो; फिलोमिनाच्या तोंडातून शब्द निघणारच होता. तिनं ओठ दाबून धरले. हिनाचा हात मध्येच थांबला. तिनं पिशवी बाजूला सारली, हातमोजे घातले, कागदी पाकीट काढलं, मंगळसूत्र त्यात ठेवलं, तोंड चिकटवून वर वेळ लिहिली. शिकवल्यासारखं, अगदी तस्सं. मग तिनं जानेवारीचे कागद संजनापुढे मांडले.

"ताई, हे पोलिसांकडे द्यायचे तर आधी एकदा वाचून घ्या."

संजनानं सगळं वाचलं. तिसऱ्या सहीच्या रिकाम्या जागेशी बोट आलं तशी ती थांबली. हिनाकडून पेन मागून तिनं त्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटायचा बाकी राहिला.

"अजून एक सही लागेल," हिना चाचरत म्हणाली. "फोटो ज्यांनी काढला त्यांची. त्याशिवाय कोर्टात चालणार नाही."

संजनानं पहिल्यांदाच मान वर करून फिलोमिनाकडे पाहिलं. मग कागद तिच्या दिशेनं सरकवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही. फिलोमिनानं तो हात तिथंच असताना, त्याच्या कडेनं, खाली उरलेल्या जागेत सही केली.