बधिर होईपर्यंतची दहा मिनिटं

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने दाढदुखी दोन महिने अंगावर काढली. शेवटी पाणी पिणंही मुश्कील झालं, तेव्हा बायकोने त्याला दुकानातून उठवून, खांद्यावरच्या अवजारांच्या पिशवीसकट, दातांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं. "दहा मिनिटं बसा. बधिर झालं की दाढ काढू. तोवर मी एक छोटंसं काम उरकतो."

ते छोटंसं काम शेजारच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलं होतं. काउंटरवरचा कॉम्प्युटर!

"एक एक्स-रे उघडेपर्यंत पेशंटचा दुसरा दात किडतो," काउंटर सांभाळणारी डॉक्टरांची मोठी बहीण म्हणाली. "दुकानात दे म्हटलं, तर ऐकेल तर शपथ!"

"ताई, जुना प्रोसेसर काढायचा, नवा बसवायचा. मी दिवसभर दुसरं काय करतो?"

'थांबा, मी करतो' म्हणायला दुरुस्तीवाल्याने तोंड उघडलं, पण जीभ लुळी पडली होती. "आंआ, ई अओ," एवढंच बाहेर आलं.

"अरे वा, लवकर चढलं!" डॉक्टर खूश झाले.

प्रोसेसरवरचा पंखा आधी गरम होऊ द्यायचा, म्हणजे खालचा चिकट लेप सैल होतो, मग अलगद पिळून सोडवायचा असतो. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले आणि हिसडा दिला. पंखा आला, आणि त्याला चिकटून प्रोसेसरही आला.

"बघ ताई, मुळासकट!"

दुरुस्तीवाल्याच्या काळजात चर्र झालं. जुना गेला तर गेला. पण डॉक्टरांनी नवा उचलला आणि उलट्या बाजूने खाचेवर ठेवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण भलतीकडेच. आता अंगठा दाबला की खालच्या केसाएवढ्या पिना आडव्या!

"हिओण! हिओण!" तो ओरडला.

"काय म्हणतायत?"

"ऊन म्हणतायत. दिवा डोळ्यांवर येतोय बिचाऱ्यांच्या," म्हणत ताईंनी दिवा फिरवला. अंधारात डॉक्टर आणखीच अंदाजाने चाचपू लागले.

आता मात्र त्याला राहवेना. गळ्यातल्या कागदी रुमालासह तो खुर्चीतून उडाला, डॉक्टरांच्या हातून प्रोसेसर हिसकावला, दिवा ओढला आणि त्यांचाच छोटा आरसा घेऊन त्रिकोणावर टकटक केलं.

"अच्छा, त्रिकोण!" डॉक्टर ओशाळले. "मग आधी बोलायचं नाही का?"

प्रोसेसर अलगद खाचेत बसला. पंख्याखाली लावायला डॉक्टरांनी दातांत भरायचं सिमेंट पुढे केलं. "एकदा बसलं की सात वर्षं हलत नाही!" दुरुस्तीवाल्याने त्यांचा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या पिशवीतून उष्णता ओढून घेणाऱ्या लेपाची नळी काढली. लाळ पुसत, पंखा कसत, वायरी जोडत त्याचे दोन तास कसे गेले, कळलंही नाही.

बटण दाबलं. पडदा काळाच. मग पडदा उजळला, आणि क्षणात सगळं झरझर उघडलं.

"डॉक्टर, असली कामं पुन्हा करू नका," दुरुस्तीवाला म्हणाला आणि दचकला. शब्द स्वच्छ उमटले होते. जबडा जागा झाला होता.

डॉक्टरांनी नवी सुई उचलली. "चला, बसा. आता परत टोचावं लागणार."

"आज राहू दे. उद्या येतो!"

ताईंची बोटं कीबोर्डवर नुसती टेकली. "उद्या एकही जागा नाही. परवा नाही. पूर्ण आठवडा नाही," त्या हरखून म्हणाल्या. "काय झटपट दिसतंय हो आता!"