खिडकीतून समुद्र दिसतो

आमच्या बैठकीच्या खोलीत माझा एक फोटो आहे. मी पंचविशीतली, मागे फळा, पुढे परक्या देशातली तीसेक मुलं. पाहुणे आले की मुलगा त्यांना त्या फोटोसमोर उभं करतो. "आमची आई त्या काळात परदेशात इंग्रजी शिकवायला गेली होती. एकटी!" पाहुणे माझ्याकडे वळून बघतात आणि मी चहाचं निमित्त काढून उठते. लोकांना तो माझा विनय वाटत आलाय.

फोटो दुसऱ्या शहरातला आहे. पहिल्या शहराबद्दल घरात कुणी कधी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात नातीला तशीच नोकरी लागली. तिला पाळण्यात असल्यापासून आम्ही टिटवी म्हणतो, कारण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. शिक्षक परदेशी पाठवणाऱ्या संस्थेनं तिच्यापुढे दोन शहरं ठेवली होती. दोन्हीकडे सध्या जे शिक्षक आहेत त्यांनी आपापल्या शहराबद्दल एकेक पान लिहून पाठवलं होतं. त्यातलं एक निवडून संध्याकाळी सहापर्यंत कळवायचं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारची उशिराची जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"आजी, हे पहिलं ऐक. 'शहर शांत आहे. शाळेत स्वतंत्रपणे काम करायला भरपूर वाव आहे. घरमालक काका वडिलांसारखी काळजी घेतात. इथं राहून मी स्वतःला नव्यानं ओळखलं.' किती गोड लिहिलंय ना! आणि ही दुसरी बघ, नुसती रडूबाई. 'खोली चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद. गरम पाणी सकाळी तासभरच. मुख्याध्यापक चिडके आहेत, पण शिकवण्यात ढवळाढवळ करत नाहीत. थंडीत रस्त्यावर पाय घसरतो, मी दोनदा पडले.' बस, एवढंच."

"पहिल्या शहरातच जा," सून आतून म्हणाली. "दुसरीकडे हात-पाय मोडून घेशील."

"मीही तेच म्हणतेय. आजी, तू बोल की! घरातली तज्ज्ञ तू."

मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या पानातलं एकेक वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

"शहर शांत आहे म्हणजे संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही," मी म्हटलं.

टिटवी हसली. "बरं! आणि वाव?"

"शाळेत कुणी तिच्याशी बोलत नाही."

"घरमालक काका?"

"कधी आली, कुठे गेली, कुणाचं पत्र आलं, सगळं विचारतो."

"आणि स्वतःला नव्यानं ओळखलं?"

"एकटी बसून रडली."

"आई गं!" ती टाळी वाजवून म्हणाली. "आजी, तू तर नुसती गुप्तहेर! हे सगळं तुला कसं कळतं?"

तिनं हसत हसत माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू उतरलं.

"आजी? कसं कळतं?"

त्रेपन्न वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. माझे यजमान गेले, त्यांनाही नाही. पण टिटवीचं बोट त्या पहिल्या शहराच्या नावावर टेकलेलं होतं, आणि सहाला फार वेळ नव्हता.

मी सांगितलं.

आमच्या वेळीही हीच पद्धत होती. नव्या शिक्षकांपुढे एक फाईल यायची. दर शहराचं एक पान, तिथल्याच शिक्षकानं लिहिलेलं. माझ्या पहिल्या शहराच्या पानावर माझ्या आधीच्या बाईंनी तीनच वाक्यं लिहिली होती. 'शाळा बुटांच्या कारखान्यावर आहे. खोलीला ओल आहे. गावाला समुद्र आहे.' मी तिसरं वाक्य वाचलं आणि सही केली. तेव्हा मला कुणी फसवलं असं म्हणायची सोय नाही. मीच हुरळले.

तिथं गेल्यावर कारखान्यातल्या बूट चिकटवायच्या सरसाचा वास माझ्या केसांतून वर्षभर गेला नाही. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं, आणि मी फळ्याकडे वळले की पाठीवर खडू यायचे. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं थांबायचं. घरमालकीण सहा वाजता बाहेरच्या दाराला आतून कडी घालायची. एकदा पाच मिनिटं उशीर झाला तर तिनं मला अर्धा तास पायरीवर बसवून ठेवलं. मला तिथून निघायचं होतं. मोठ्या शहरात माझी एक मैत्रीण शिकवत होती, तिच्या शाळेत जागाही होती. पण संस्थेचा नियम असा, की तुमच्या शहराला कुणी नवीन माणसानं निवडलं तरच तुमची सुटका. नाही तर आणखी एक वर्ष तिथंच.

मग मी पान लिहायला बसले. आठ दिवस लिहीत होते. जन्मात दुसरं काही मी इतकं जीव ओतून लिहिलं नाही. 'खिडकीतून समुद्र दिसतो.' दिसायचा. ट्रंकेवर चढून, मान बाहेर काढली आणि धुकं नसलं, तर दोन धुराड्यांच्या मध्ये नखाएवढी करडी रेघ. 'घरमालकीण मायाळू आहे.' खोकला झाला तेव्हा तिनं मला एकदा औषध दिलं होतं. 'मुलं उत्साही आहेत.' खडू फेकायला उत्साह लागतोच. खोटं म्हणून पकडता येईल असं एकही वाक्य त्यात नव्हतं. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही टिटवीला सांगितलं.

पान वाचून एका मुलीनं ते शहर निवडलं. जाणाऱ्यानं स्टेशनवर येणाऱ्याला खोलीची किल्ली द्यायची, अशी रीत होती. ती गाडीतून उतरली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, चष्मा, हातात सामानापेक्षा मोठी रंगांची पेटी.

"ताई, तुमचं पान मी घरी चार वेळा वाचून दाखवलं," ती म्हणाली. "बाबा पाठवायला तयारच नव्हते. घरमालकीण मायाळू आहे ऐकलं आणि मग हो म्हणाले. आणि समुद्रासाठी ही पेटी आणली बघा! रोज सकाळी एक चित्र काढणार आहे."

माझी गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती. चाळीस मिनिटांत माणूस सगळं सांगू शकतो. मी तिला सांगितलं, की किल्ली कुलपात जरा उचलून फिरवावी लागते. एवढंच.

"मग?" टिटवीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

मग मोठ्या शहरात माझी दोन वर्षं फार सुखात गेली. घरातले सगळे किस्से तिथले, भिंतीवरचा फोटो तिथला. मी परत निघायच्या सुमाराला तिचं पत्र आलं. ते मला पाठ आहे. 'ताई, या वर्षीचं पान लिहायला बसले आहे. गेल्या वर्षी लिहिलं तेव्हा कुणीच आलं नाही. मी सगळं आहे तसं लिहिते, तरी माझं कुठे चुकतं कळत नाही. तुमचं पान किती छान होतं! एक नमुना लिहून पाठवाल का? इकडे सर्दी फार. खिडकीशेजारच्या भिंतीवर मीच समुद्र रंगवलाय, त्यामुळे आता रोज दिसतो. तुमची धाकटी बहीण.'

त्यात टोमणा असेल म्हणून मी ते पत्र उलटसुलट करून वाचलं. नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"तू काय उत्तर दिलंस?"

"काही नाही."

"काहीच नाही? तिचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही गं."

"विचारलंसुद्धा नाहीस?"

मी मान हलवली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. सून दारात उभी होती. माझी नजर वर होईना.

टिटवीनं लॅपटॉप थोडा लांब सारला. मग म्हणाली, "मी अर्जात तुझ्यावर लिहिलंय आजी. माझी आजी एकटी गेली, तिच्यामुळे मला जायचंय, असं. अख्खा परिच्छेद."

"काढून टाक."

"पाठवून झालाय."

तिनं लॅपटॉप पुढे ओढला आणि दुसरं शहर निवडलं. जिना अरुंद, पाय घसरतो, ते. बटण दाबताना ती आईला एवढंच म्हणाली, "बूट चांगले घ्यावे लागतील." एरवी एवढ्यावर तिनं मला दहा कोपरखळ्या मारल्या असत्या. आज ती उठून आपल्या खोलीत गेली.

तासाभरानं परत आली. माझ्यापुढे तिनं वही ठेवली, पेनाचं टोपण काढून पेन वहीवर ठेवलं.

"तिला नमुना हवा होता ना? लिही."

"अगं, ती आता असेल-नसेल. पत्ता त्या खोलीचा, पन्नास वर्षांपूर्वीचा."

"पाठ असेलच तुला."

होता.

"मग त्याच पत्त्यावर टाकू. खोलीत आज जी कुणी शिक्षिका राहत असेल ती वाचेल."

ती समोर बसून राहिली. पूर्वी परीक्षेच्या अभ्यासाला मी तिच्यासमोर बसायचे, तशी. मी तारीख घातली. मायना लिहिला, 'धाकट्या बहिणीस', आणि खोडला. तसं म्हणायचा हक्क मी ठेवला नव्हता. तिचं नाव लिहिलं. खाली पहिलं वाक्य लिहिलं, 'खिडकीतून समुद्र दिसत नाही.'

टिटवीनं वही आपल्याकडे वळवून ते वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवली.

"पुढे," ती म्हणाली.